शिरा ओढून काढण्यापासून लेझरपर्यंत : व्हेरिकोज व्हेन्सच्या शस्त्रक्रियेचा इतिहास

मागच्या पावसाळ्यात ओपीडीत एक काका आले होते. एसटीत कंडक्टर म्हणून आयुष्य काढून निवृत्त झालेले. डाव्या घोट्याच्या आतल्या बाजूला, थोडी वर, एक जखम दीड वर्षापासून भरत नव्हती. आजूबाजूची कातडी काळपट आणि कडक झालेली. पोटरीवर निळसर, नागमोडी शिरा टरारून फुगलेल्या. उजव्या पायावर मात्र जांघेत आणि घोट्याजवळ जुन्या टाक्यांच्या खुणा होत्या.

"या पायाचं ऑपरेशन झालंय का?" मी विचारलं.

"झालं ना. पस्तीस वर्षं झाली. तेव्हाच डावाही करायचं ठरलं होतं. पण एका पायाचं जे काही भोगलं डॉक्टर, त्यानंतर दुसऱ्याचं नाव काढलं नाही."

काकांचं बोलणं ऐकून मला एका रोमन सेनापतीची आठवण झाली. ती गोष्ट मी त्यांना तिथेच सांगितली, आणि आज तुम्हालाही सांगणार आहे. कारण व्हेरिकोज व्हेन्सच्या ऑपरेशनबद्दल जी भीती घराघरांत आहे, ती खोटी नाही. तिला इतिहास आहे. फक्त तो इतिहास आता बराच पुढे गेला आहे, आणि भीती मात्र जुन्या मुक्कामावरच थांबली आहे.

मारियसचा दुसरा पाय

गायस मारियस हा रोमचा मोठा सेनापती. इसवी सनपूर्व १५७ ते ८६ हा त्याचा काळ. सात वेळा तो रोमचा कॉन्सल, म्हणजे सर्वोच्च अधिकारी झाला. त्याच्या दोन्ही पायांवर व्हेरिकोज व्हेन्स होत्या. त्याचे चरित्र लिहिणारा प्लुटार्क सांगतो, की शस्त्रक्रियेच्या वेळी मारियसने स्वतःला बांधून घेतले नाही. त्या काळी भूल नव्हती. रुग्णाला दोरीने बांधून किंवा चार माणसांनी दाबून धरूनच कापाकापी करावी लागे. मारियस न हलता, न कण्हता सगळे सोसत राहिला. पण वैद्य दुसऱ्या पायाकडे वळला, तेव्हा त्याने नकार दिला. एवढ्या वेदना सोसाव्यात इतका हा उपाय मोलाचा नाही, असे त्याचे मत झाले होते.

रणांगणावर न डगमगणारा माणूस दुसऱ्या पायाला नाही म्हणतो, यावरून त्या काळची शस्त्रक्रिया कशी असेल याची कल्पना करा. पहिल्या शतकातल्या सेल्सस या रोमन लेखकाने ती वर्णन करून ठेवली आहे. त्रास देणारी शीर एक तर तापलेल्या लोखंडाने डागायची, नाहीतर ठिकठिकाणी कातडी कापून, आकड्याने वर उचलून, तोडून काढायची.

त्याच्याही आधी

हा आजार माणूस दोन पायांवर उभा राहिला तेव्हापासूनचा असावा. इसवी सनपूर्व १५५० च्या सुमारास इजिप्तमध्ये लिहिलेल्या एबर्स पपायरसमध्ये नागमोडी फुगलेल्या शिरांचा उल्लेख आहे, आणि त्यांना हत्यार लावू नये असा सल्लाही आहे. अथेन्समध्ये अक्रोपोलिसच्या पायथ्याशी इसवी सनपूर्व चौथ्या शतकातली एक कोरीव शिळा सापडली. एक माणूस दोन्ही हातांत एक भला मोठा पाय धरून उभा आहे आणि त्या पायावर एक लांब, फुगलेली शीर कोरलेली आहे. आपल्याकडे नवस फेडताना देवाला चांदीचा डोळा किंवा पाय वाहतात ना, तसाच तो प्रकार.

ग्रीक वैद्य हिपोक्रॅटिसच्या नावावरील ग्रंथांत अशा शिरांवर मोठा छेद घेऊ नये, त्यातून मोठ्या जखमा होतात, असा इशारा आहे. पायाला घट्ट पट्टी बांधण्याचा उपायही तिथे येतो. लक्षात घ्या, पट्टीचा हा उपाय दोन हजार वर्षांनंतर आजही टिकून आहे.

आपल्याकडे सुश्रुतसंहितेत 'सिराजग्रंथि' सांगितली आहे. आजचे अनेक वैद्य तिची सांगड व्हेरिकोज व्हेन्सशी घालतात. शिरेतून रक्त काढण्याच्या सिराव्यधावर आणि जळवा लावण्यावर त्या ग्रंथात स्वतंत्र अध्याय आहेत.

पुढे सातव्या शतकात एजिनाच्या पॉलने मांडीतली शीर बांधण्याची पद्धत लिहिली. इसवी सन १००० च्या सुमारास स्पेनमधल्या कॉर्डोबा इथे अल्-झहरावी या अरबी शल्यवैद्याने शीर ओढून काढण्याचे वर्णन केले. हात कुशल होते, यात शंका नाही. पण शीर फुगते का, हेच कोणाला माहीत नव्हते.

झडपांचा शोध

ते कोडे इटलीतल्या पादुआ विद्यापीठात सुटू लागले. फाब्रिशियस नावाच्या शरीररचनातज्ज्ञाने शिरांच्या आतल्या झडपा बारकाईने पाहिल्या आणि १६०३ मध्ये त्यांच्यावर पुस्तक छापले. पण त्या कशासाठी आहेत हे त्याला नीट उमगले नाही. त्याचा इंग्रज विद्यार्थी विल्यम हार्वे याला ते उमगले. १६२८ मध्ये हार्वेने दाखवून दिले, की रक्त शरीरात गोल फिरते आणि शिरांतल्या झडपा ते एकाच दिशेने, हृदयाकडेच जाऊ देतात.

हे तुम्ही घरीही पाहू शकता. हात थोडा वेळ खाली लोंबता ठेवा. मनगटाच्या वर फुगलेल्या एखाद्या शिरेवर एक बोट दाबून ठेवा आणि दुसऱ्या बोटाने ती शीर कोपराच्या दिशेने निपटत न्या. वरचे बोट सोडले तरी पुढच्या झडपेपर्यंतचा तुकडा रिकामाच राहील. वरचे रक्त मागे येत नाही, कारण झडप बंद आहे. आता खालचे बोट उचला. शीर लगेच भरेल.

पायात याच झडपांचे काम सर्वांत कठीण. हृदय वर आणि रक्त खाली. चालताना पोटरीचे स्नायू आवळतात, आतल्या खोल शिरा दाबल्या जातात आणि रक्त वर ढकलले जाते. म्हणून पोटरीला 'दुसरे हृदय' म्हणतात. स्नायू सैल पडल्यावर रक्त पुन्हा खाली येऊ नये म्हणून झडपा. त्या निकामी झाल्या, की रक्त खाली घसरते, कातडीखालच्या शिरांत साचते, दाब वाढतो आणि शिरा फुगतात. हाच दाब वर्षानुवर्षे राहिला तर घोट्याजवळची कातडी काळवंडते, खाज सुटते आणि शेवटी जखम होते. घराण्यात हा आजार असणे, बाळंतपणे, वाढलेले वजन आणि तासन्‌तास एका जागी उभे राहण्याचे काम, ही त्याची नेहमीची कारणे. कंडक्टर, वाहतूक पोलीस, शिक्षक, ओट्याशी उभ्या असणाऱ्या बायका, हे आमचे नेहमीचे रुग्ण.

भूल आली, चिरा वाढला

१८४६ मध्ये बोस्टनमध्ये इथर देऊन वेदनारहित शस्त्रक्रिया झाली. १८६७ मध्ये जोसेफ लिस्टरने जखमा जंतुरहित ठेवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. रुग्ण आता ओरडत नव्हता आणि पू होऊन मरण्याची भीतीही कमी झाली. साहजिकच सर्जन धीट झाले. १८८४ मध्ये ओटो माडेलुंग या जर्मन सर्जनने लांबच लांब चिरा घेऊन पूर्ण शीर काढून टाकण्याची पद्धत सांगितली. नंतर तर काहींनी मलमलपट्टी गुंडाळावी तसा पायाभोवती गोल गोल फिरणारा चिरा घेतला. शिरा गेल्या, पण पायावर आयुष्यभराचे वण आणि सूज राहिली.

वेगळा विचार केला फ्रिडरिश ट्रेंडेलेनबुर्ग याने. रोग सगळ्या पायात दिसत असला तरी गळती वर, मांडीकडे आहे, हे त्याने ओळखले. रुग्णाला झोपवून पाय वर करायचा. शिरा रिकाम्या झाल्या, की मांडीत वरच्या बाजूला शीर दाबून धरायची आणि रुग्णाला उभे करायचे. दाब काढताच शिरा वरून खाली भरभर भरल्या, तर वरची झडप गेली असे समजायचे. ही तपासणी आजही वैद्यकीय विद्यार्थ्यांना परीक्षेत करून दाखवावी लागते. १८९१ मध्ये त्याने मांडीतली मुख्य शीर बांधून टाकण्याची शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. छोटा चिरा, थोडे काम.

पण काही वर्षांत अनेक रुग्णांना पुन्हा त्रास होऊ लागला. कारण मुख्य शीर जांघेत जिथे खोल शिरेला मिळते, त्या सांध्याजवळच्या उपशाखा तशाच राहिल्या होत्या. पाण्याची तोटी बंद करायची तर ती मुळाशीच करावी लागते. १९१६ मध्ये बोस्टनच्या जॉन होमन्स यांनी शीर अगदी जांघेतल्या सांध्याशीच बांधण्यावर भर दिला.

'ओढून काढण्याची' तीन वर्षे

१९०५ मध्ये अमेरिकन लष्करी सर्जन विल्यम केलर यांनी शिरेच्या आतून तार घातली आणि मोजा उलटा करावा तशी शीर उलटी करून बाहेर ओढली. १९०६ मध्ये चार्ल्स मेयो यांनी शिरेच्या बाहेरून कडे सरकवून ती सोडवली. १९०७ मध्ये फिलाडेल्फियाच्या वेन बॅबकॉक यांनी टोकाला बोंड असलेली लवचीक तार वापरली. जांघेत एक छोटा चिरा, घोट्याजवळ एक, आणि मधली सगळी शीर एका ओढीत बाहेर. याला 'स्ट्रिपिंग' म्हणतात.

विसाव्या शतकाचा बहुतेक काळ हीच व्हेरिकोज व्हेन्सची मुख्य शस्त्रक्रिया होती. आमच्या काकांचा उजवा पाय असाच झाला होता. मणक्यातून भूल, काही दिवस रुग्णालयात मुक्काम, मांडीच्या आतली बाजू काळी-निळी, आणि कामावर परतायला कित्येक आठवडे. घोट्यापर्यंत शीर ओढताना तिच्या शेजारची नस दुखावली जाई आणि पायाची आतली बाजू बधिर राही. काकांचीही अजून बधिर आहे. म्हणून पुढे सर्जन गुडघ्याच्या थोडे खालपर्यंतच शीर काढू लागले.

तेव्हा 'फार त्रास होतो' ही जी गोष्ट तुमच्या आत्याने किंवा शेजारच्या काकूंनी सांगितली, ती खरीच आहे. फक्त ती बॅबकॉकच्या तारेची गोष्ट आहे.

सुई आणि फेस

दुसरी वाट इंजेक्शनची. १८५३ मध्ये फ्रान्समधल्या लिआँ शहरात शार्ल प्रावाझ यांनी सिरिंज तयार केली आणि लवकरच शिरांत औषधे टोचण्याचे प्रयोग सुरू झाले. सुरुवातीची रसायने दाहक होती, परिणाम वाईट झाले. १९४६ मध्ये सोडियम टेट्राडेसिल सल्फेट हे बरेच सुरक्षित औषध आले. डब्लिनच्या जॉर्ज फेगन यांनी रिकाम्या शिरेत औषध टोचून वर घट्ट पट्टी बांधण्याची पद्धत रुजवली. २००० च्या सुमारास इटलीच्या तेस्सारी यांनी दोन सिरिंज आणि एक तीन तोंडांची तोटी वापरून औषधाचा दाट फेस बनवण्याची सोपी युक्ती दाखवली. पातळ औषध रक्तात वाहून जाते, फेस मात्र रक्त बाजूला सारून शिरेच्या भिंतीला चिकटतो. आज ज्याला 'फोम' म्हणतात तो हाच.

डोळ्यांना दिसू लागले

खरा बदल मात्र सुरीने केला नाही, सोनोग्राफीने केला. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या सिएटलमध्ये डुप्लेक्स सोनोग्राफी विकसित झाली. आपण तिला 'डॉपलर' म्हणतो. रक्त कुठल्या शिरेत, कुठल्या दिशेने वाहते हे प्रत्यक्ष दिसू लागले. ट्रेंडेलेनबुर्गने बोटाने ताडले होते ते आता पडद्यावर दाखवता येते.

आणि शीर आतून दिसते म्हटल्यावर ती बाहेर ओढायची गरजच काय? १९९० च्या दशकाच्या अखेरीस रेडिओफ्रिक्वेन्सी आणि लेझर आले. गुडघ्याजवळ सुईच्या छिद्रातून बारीक तार शिरेत सरकवायची, सोनोग्राफीवर ती जांघेच्या सांध्याच्या थोडी अलीकडे आणायची, आणि उष्णतेने शीर आतून बंद करत मागे यायचे. शीर जागेवरच आकसते. शिरेभोवती भरपूर पातळ केलेले भुलीचे औषध सोडतात. त्यामुळे दुखत नाही आणि आजूबाजूच्या नसा, कातडी भाजत नाही. ही युक्ती अमेरिकेतल्या जेफ्री क्लाइन यांनी १९८७ मध्ये चरबी काढण्याच्या शस्त्रक्रियेसाठी मांडली होती. शीर चिकटवून बंद करणारा वैद्यकीय डिंकही आता उपलब्ध आहे.

२०१३ मध्ये ब्रिटनच्या नाइस या संस्थेने मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात मुख्य शिरेतल्या गळतीसाठी पहिली पसंती लेझर किंवा रेडिओफ्रिक्वेन्सीला, ते जमत नसेल तर फोमला, आणि तेही जमत नसेल तर शस्त्रक्रियेला दिली. शंभर वर्षे पहिली असलेली शस्त्रक्रिया तिसऱ्या क्रमांकावर गेली. पण जुनी पद्धत वाईट, असा याचा अर्थ नाही. ब्रिटनमधल्या ७९८ रुग्णांच्या अभ्यासात पाच वर्षांनी पायाची स्थिती लेझर आणि शस्त्रक्रिया या दोन्हींनंतर फोमपेक्षा चांगली होती. शीर फार वेडीवाकडी असेल, किंवा खर्चाचा प्रश्न असेल, तर नीट केलेली शस्त्रक्रिया आजही उत्तम काम देते.

रुग्ण नेहमी विचारतात

*शीर काढली किंवा बंद केली तर रक्त वर कुठून जाणार?* पायातले सुमारे ९०% रक्त खोल शिरांतूनच वर जाते. कातडीखालची बिघडलेली शीर मदत करत नव्हतीच, उलट रक्त खाली सोडत होती. म्हणूनच आधी डॉपलर करून खोल शिरा मोकळ्या आहेत ना, हे पाहिले जाते. डॉपलर न करता कोणी ऑपरेशनची तारीख देत असेल तर थांबा आणि विचारा.

*पुढे बायपाससाठी हीच शीर लागली तर?* १९६७ मध्ये रेने फावालोरो यांनी पायाची शीर वापरून हृदयाची बायपास शस्त्रक्रिया सुरू केली, त्यामुळे ही शंका रास्त आहे. पण फुगून वेडीवाकडी झालेली शीर त्या कामाला सहसा चालत नाही. शिवाय दुसरा पाय आणि छातीतली रक्तवाहिनी असतेच.

*पुन्हा होईल का?* होऊ शकते. एक शीर बंद केली तरी झडपा कमकुवत असण्याची प्रवृत्ती जात नाही. काही वर्षांनी दुसरी शीर फुगू शकते. कायमची हमी कोणी देत असेल तर सावध राहा.

*धोके काय?* काळे-निळे डाग आणि शीर आकसताना ओढल्यासारखे वाटणे नेहमीचे. बधिरपणा, कातडीवर तपकिरी डाग, जंतुसंसर्ग कमी वेळा. खोल शिरेत रक्ताची गुठळी होणे क्वचित, पण गंभीर. म्हणूनच त्याच दिवसापासून चालायला सांगतात. उपचारानंतर पोटरी एकदम सुजली, दुखू लागली किंवा धाप लागली, तर लगेच रुग्णालयात या.

*फुगलेली शीर फुटून रक्त आले तर?* घाबरून उभे राहू नका, पळू नका. आडवे व्हा, पाय हृदयापेक्षा वर करा, स्वच्छ कापडाने त्या जागी घट्ट दाबून धरा आणि कोणाला तरी डॉक्टरांकडे न्यायला सांगा. उभे राहिल्याने रक्त वाहतच राहते आणि जीवावर बेतू शकते.

*सगळ्यांनाच उपचार हवेत का?* नाही. बारीक जांभळ्या रेषा आणि त्रास काहीच नाही, तर चालणे, वजन आटोक्यात ठेवणे, लांब उभे राहताना टाचा वरखाली करणे एवढे पुरते. पण जडपणा, सूज, काळपटपणा, रक्तस्राव किंवा जखम असेल तर टाळू नका.

काकांचा डावा पाय

मारियसची गोष्ट ऐकून काकांनी विचारले, "मग त्याच्या दुसऱ्या पायाचं पुढं काय झालं?"

प्लुटार्कने ते लिहिलेले नाही, असे मी सांगितले. पण तुमच्या दुसऱ्या पायाचे काय झाले ते आपल्यासमोर आहे, असेही म्हणालो. काकू शेजारी बसल्या होत्या. त्या हसल्या, काका हसले नाहीत.

जखमेवर पट्ट्या बांधत शिरेचा उपचार लांबणीवर टाकणे ही आमचीही जुनी सवय होती. आधी जखम भरू दे, मग बघू, असे डॉक्टरच सांगत. २०१८ मध्ये ब्रिटनमध्ये ४५० रुग्णांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पट्टीबरोबरच लवकर शिरेचा उपचार केलेल्यांपैकी निम्म्यांच्या जखमा ५६ दिवसांत भरल्या. उपचार लांबवलेल्यांत त्यालाच ८२ दिवस लागले. म्हणजे जखम आहे म्हणून थांबायचे नसते, उलट जखम आहे म्हणूनच लवकर करायचे असते.

काकांनी आठवडाभर विचार केला. मग डॉपलर झाले, आणि भूल फक्त पायापुरती देऊन लेझर झाले. संध्याकाळी ते स्वतःच्या पायांनी रिक्षात बसले. जखम भरायला मात्र तीन महिन्यांहून जास्त लागले, आणि त्या काळात दर आठवड्याला पट्टी बदलायला त्यांना यावेच लागले. आता ते रोज सकाळी अंथरुणातून उठण्याआधी स्टॉकिंग्ज चढवतात. ते काम कंटाळवाणे आहे, अशी तक्रार प्रत्येक भेटीत करतात.

शेवटच्या भेटीत म्हणाले, "पस्तीस वर्षं उगाच घाबरलो." मी म्हटलं, पस्तीस वर्षांपूर्वी घाबरलात ते उगाच नव्हतं. मधली काही वर्षं मात्र एकदा येऊन विचारायला हवं होतं.

तुमच्या घरातही असा एखादा पाय असेल, तर एवढंच करा. ऑपरेशन ठरवू नका, नाकारूही नका. आधी डॉपलर करून घ्या आणि डॉक्टरांना विचारा: गळती नेमकी कुठे आहे, माझ्या पायाला कोणता उपाय योग्य आणि का, आणि काहीच केले नाही तर पाच वर्षांनी काय होईल? या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली, की मग हो म्हणा किंवा नाही. तो हक्क मारियसला होता, तुम्हालाही आहे.